मार थांबवा, औषध नंतर

वडगावच्या एका ताईंचं पत्र आलंय. नाव छापू नका असं त्यांनी लिहिलंय. पत्र लांब होतं, मुद्द्यापुरतं देतो.

"मुलानं तीन वर्षांमागं हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची तीन फुटी टाकी केली. यंदा त्याला बंगळूरला नोकरी लागली आणि टाकी माझ्या अंगावर पडली. पहिल्यांदा मी कुरकुर केली, आता मलाच लळा लागलाय. टाकीत दोन क्लाउनफिश आहेत. एक काळा मासा आहे, अंगावर पांढरे ठिपके होते, आता ते फिके पडत चाललेत. त्याला डोमिनो म्हणतात. टाकी नवी होती तेव्हा दुकानदारानं पहिला तोच सोडायला दिला होता. शिवाय दोन कोळंब्या आणि शंखातले चार-पाच खेकडे आहेत. गणपतीला मुलगा आला तेव्हा रात्रीच्या गाडीनं पिशवीतून एक फायरफिश घेऊन आला. चार दिवस बरा होता. मुलगा परत गेला आणि डोमिनोनं फायरफिशला मारायला सुरुवात केली. शेपटी अर्धी फाटलीय, पाठीजवळ खवले निघून पांढरा डाग पडलाय. वेव्हमेकरच्या, म्हणजे टाकीतलं पाणी ढवळणाऱ्या पंपाच्या, मागं लपून बसतोय. दोन दिवस झाले, काही खाईना झालाय. शेजारच्या काकू म्हणतात हळद घाल. दुकानदार म्हणतो निळं औषध घाला. आमचे हे म्हणतात, रविवारी गोव्याला जाऊन डोमिनोला समुद्रात सोडून येऊ. क्लाउनमधली मोठी पण धाकट्याला टोचते, त्यांनाही वेगळं करू काय? मुलाला अजून काही सांगितलं नाही. काय करावं की कळंना झालंय."

ताई, हळदीचा डबा फडताळात ठेवा आणि निळी बाटली उघडूच नका. आज तुम्हाला एकच काम आहे, मार थांबवायचं. बाकी सगळं उद्यावर गेलं तरी चालेल.

माशाच्या फाटलेल्या शेपटीला आपण काही करावं लागत नाही. बुडखा शाबूत असेल तर स्वच्छ पाण्यात ती आपोआप भरून येते. आठ-दहा दिवसांत फाटलेल्या कडेला काचेसारखा पातळ पडदा दिसायला लागतो, तीन-चार आठवड्यांत रंगही धरतो. निघालेले खवलेही पुन्हा येतात. पण हीच जखम दिवसातून वीस वेळा नव्यानं होत असेल तर जगातलं कुठलंही औषध तिला भरू शकत नाही.

खाऱ्या पाण्यातल्या माशाची जखम गोड्या पाण्यातल्या माशाच्या जखमेपेक्षा वेगळी असते, ते आधी सांगतो. समुद्रातल्या माशाच्या रक्तातलं मीठ भोवतीच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतं. त्यामुळं त्याच्या अंगातलं पाणी सारखं बाहेर ओढलं जात असतं, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की पाणी सुटतं तसं. ते भरून काढायला तो दिवसभर समुद्राचं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. खवले आणि त्यांच्यावरचा बुळबुळीत थर ही गळती अडवून धरतात. तुमच्या फायरफिशच्या पाठीवर जिथं पांढरा डाग आहे, तिथं हा बांध फुटलाय. म्हणजे पाण्यात राहून तो आतून कोरडा पडतोय. अशा वेळी त्याला एका जागी निवांत राहून ताकद वाचवायची असते, आणि नेमकं तेच डोमिनो त्याला करू देत नाही. दोन दिवसांची उपासमार त्यात आणखी. म्हणून घाई करा म्हणतोय.

आता दोघांपैकी बाहेर कुणाला काढायचं? नव्वद टक्के लोक जखमी माशाला काढतात. दया येते म्हणून काढतात, मी समजू शकतो. पण लपलेल्या माशाला धरायचं म्हणजे जाळी घेऊन त्याच्या मागं लागायचं. घाबरलेला मासा दगडांवर आपटतो, जाळीच्या दोऱ्यांनी उरलासुरला बुळबुळा पुसला जातो आणि बिचाऱ्याला दुसऱ्यांदा मार बसतो. शिवाय दहा दिवसांनी त्याला परत सोडला की तो पुन्हा नवखाच ठरतो. खानापूरच्या बसमध्ये आधी चढलेला माणूस पिशव्या पसरून ऐसपैस बसतो, आणि मागून येणाऱ्याला दांडीला धरून उभं राहावं लागतं. टाकीतही जागा अशीच धरली जाते. डोमिनो तीन वर्षं तिथं आहे, तेही सगळ्यांत आधीपासून. त्याच्या दृष्टीनं अख्खी टाकी त्याची आहे.

म्हणून उलटं करा. जखमीला हातही लावू नका. मारणाऱ्याला काढा.

दगड असलेल्या टाकीत डोमिनो जाळीनं सापडत नाही, तुम्ही प्रयत्न केला असेल तर कळलंच असेल. त्याला बाटलीनं पकडायचं. पाण्याची दोन लिटरची पारदर्शक बाटली घ्या. कागदाचं लेबल आणि डिंक काढून टाका, साबण न लावता नुसत्या पाण्यानं धुवा. मानेखाली जिथं बाटली पूर्ण रुंद होते तिथं कापा. वरचा नरसाळ्यासारखा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा, तोंड आत जाईल असा. बूच अर्थातच काढलेलं. तोंडातून डोमिनो जायला हवा. तीन वर्षांचा मासा जाड झाला असेल तर नरसाळ्याचं टोक आणखी थोडं कापून भोक मोठं करा. कडा पॉलिश पेपरनं घासा, नाहीतर त्यालाही खरचटेल. बाटलीला सुईनं चार-सहा भोकं पाडा म्हणजे पाणी खेळतं राहील. आत तळाशी एक स्वच्छ दगड ठेवा, नाहीतर ती तरंगेल. आणि आत थोडं खाणं सोडा, ज्यावर तो तुटून पडतो असं.

आज सकाळचं खाणं इतरांनाही देऊ नका. दुपारी बाटली टाकीत आडवी ठेवा आणि तुम्ही लांब बसा. डोमिनो धीट असतो आणि हावरटही, बहुतेक वेळा पहिला तोच आत शिरतो. आत शिरला की त्याला बाहेरचं तोंड सापडायला वेळ लागतो, तेवढ्यात अंगठ्यानं भोक दाबून बाटली उचलायची. क्लाउन आत गेला तर त्याला सोडून द्या आणि पुन्हा लावा. पहिल्या दिवशी नाही जमलं तर बाटली तशीच टाकीत राहू द्या, दुसऱ्या दिवशी ती त्याला ओळखीची वाटते. तेही नाही जमलं तर रात्री दिवे मालवून दोन तासांनी टॉर्च घेऊन बघा. डॅमसेल जातीचे मासे, डोमिनो त्यांतलाच, रात्री ठरलेल्या फटीत झोपतात आणि तेव्हा सुस्त असतात. तो दगडच अलगद उचलून मासा बादलीत घेता येतो.

पकडल्यावर त्याला ठेवायचं कुठं? टाकीतच, पण डब्यात. चार-पाच लिटरचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या, स्वयंपाकघरातला, ज्याला तेलाचा किंवा साबणाचा वास नाही असा. खिळा तापवून चारी बाजूंना भरपूर भोकं पाडा, कडा घासून घ्या. नायलॉनच्या दोरीनं टाकीच्या काठाला बांधून ठेवा, वेव्हमेकरचं पाणी त्यातून खेळेल असा. लोखंडी किंवा तांब्याची तार वापरू नका. तांब्याचा अंशही तुमच्या कोळंब्यांना आणि खेकड्यांना सोसत नाही, ते मरतात. डब्याला वरून मच्छरदाणीची जाळी बांधा. आत त्याला एक पाइपचा तुकडा द्या आणि रोज खायला घाला. ही काही त्याला शिक्षा नाही, त्याचाही स्वभावच आहे तो.

हे सगळं होईपर्यंत आजच्या आज दोन गोष्टी करा. टाकीचे दिवे बंद ठेवा. अंधारात मारामारी कमी होते आणि जखमी मासा श्वास खाली बसवतो. दुसरी गोष्ट म्हणजे वेव्हमेकर. त्याच्या मागं लपलेला अशक्त मासा पाणी ओढणाऱ्या तोंडाला चिकटून मेलेला मी पाहिलाय. त्याच्या जाळीवर स्पंजची टोपी बसवा किंवा वेग एकदम कमी करा. आणि टाकी वरून उघडी असेल तर आत्ताच जाळी टाका. फायरफिश घाबरला की उडी मारतो. या जातीचे निम्मे मासे आजारानं जात नाहीत, सकाळी फरशीवर वाळलेले सापडतात, असं हा छंद असलेली माणसं सांगतात ते उगाच नव्हे.

दोन दिवस प्रयत्न करूनही डोमिनो सापडला नाही, तरच फायरफिशला डब्यात घ्या. तेव्हाही जाळी नको. एखादा पारदर्शक डबा पाण्याखाली नेऊन त्याला हातानं हळूहळू त्यात वळवा आणि पाण्यासकट उचला. त्याच्या डब्यात पाइपचा तुकडा हवाच. समुद्रात तो वाळूतल्या किंवा दगडांखालच्या बिळाच्या तोंडाशी तरंगत असतो आणि जरा सावली हलली की सर्रकन आत जातो. बीळ नसेल तर त्याचं निम्मं बळ नुसत्या भीतीत जातं.

आता निळ्या औषधाबद्दल. हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या पहिल्या खाऱ्या टाकीत एका क्लाउनच्या अंगावर जखम दिसली आणि मी मेथिलीन ब्ल्यू सरळ मोठ्या टाकीत ओतलं. माशांच्या घाणीतून पाण्यात तयार होणारी विषारी अमोनिया खाऊन टाकणारे जिवाणू दगडांवर आणि वाळूत राहतात, त्या औषधानं तेच मेले. चौथ्या दिवशी अमोनिया चढली. जखम झालेला क्लाउन वाचला असता, तो त्या अमोनियानं गेला, आणि त्याच्याबरोबर धडधाकट दोघेही. खाऱ्या पाण्याचा पीएच ८ च्या वर असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी भाग जास्त, त्यामुळं गोड्या पाण्यात जे चुकून खपून जातं ते इथं खपत नाही. त्या तीन माशांचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून विनवतो, मोठ्या टाकीत काहीही ओतू नका. हळदीचंही तेच. आपल्या बोटाला कापलं की ती लावतो, पण पाण्यात तिचा गाळ होतो, तो कुजतो, आणि माशाच्या जखमेवर काही टिकत नाही.

औषधाची वेळ येते ती जंतू धरले तर. ओळखायचं कसं? जखमेच्या कडेला कापसासारखं पांढरं दिसायला लागलं, पराच्या बुडाशी लाल रेघा आल्या, डाग रोज मोठा होत गेला किंवा डोळा धुरकट झाला, तर समजायचं. स्वच्छ पांढरी, आहे तेवढीच राहिलेली जखम म्हणजे बरी होणारी जखम. रोज एकाच वेळी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. डोळ्यांना रोजचा फरक कळत नाही, फोटोत कळतो. कल्ल्यांची उघडझापही बघा, क्लाउनच्या तुलनेत फारच भराभर होत असेल तर ती काळजीची गोष्ट आहे. अंगभर मिठाच्या कणांसारखे ठिपके आले तर तो वेगळा आजार आहे, खचलेल्या माशाला तो लगेच गाठतो, आणि त्याचे उपचारही वेगळ्या टाकीतच करावे लागतात.

ती वेळ आली तर चाळीस लिटरचा नवा टब घ्या, तळाला वाळू नाही, आत पाइपचे दोन तुकडे. पाणी मोठ्या टाकीतलंच घ्या म्हणजे तापमान आणि क्षारता आपोआप जुळते. हीटर, हवेचा पंप आणि स्पंज फिल्टर लावा. यातला स्पंज मात्र आजच विकत आणून मोठ्या टाकीच्या मागच्या कोपऱ्यात टाकून ठेवा. त्यात जिवाणू बसायला आठवडे लागतात, आणि ऐन वेळी कोरा स्पंज काही कामाचा नसतो. टबमध्ये रोज अमोनिया तपासायची आणि पाव भाग पाणी बदलायचं. अँटिबायोटिक मात्र दुकानदाराच्या सांगण्यावरून देऊ नका. माशांचं जाणणाऱ्या डॉक्टरला फोटो दाखवा. आपल्याकडं बेळगावात असा माणूस सहज मिळत नाही हे खरं, पण मंगळूरचं मत्स्य महाविद्यालय १९६९ पासूनचं आहे, कारवारला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचं केंद्र आहे. अशा ठिकाणी विचारणं कुठल्याही बाटलीवरचं लेबल वाचण्यापेक्षा बरं.

खाण्याचं बघू. फायरफिश तरंगतं बारीक खाणं टिपणारा मासा आहे, तळाला पडलेलं तो सहसा उचलत नाही. गोळ्या घालत असाल तर त्या आत्ता विसरा. गोठवलेली मायसिस किंवा आर्टेमिया (कोळंबीसारखे बारीक जीव, दुकानात मिळतात) टाकीच्या पाण्यात वितळवून, ड्रॉपरनं किंवा सुई काढलेल्या सिरिंजनं, तो लपलाय त्याच्या थोडं वर सोडा, वाहत वाहत त्याच्या तोंडापर्यंत जाईल असं. थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा. तरीही तोंड लावत नसेल तर जिवंत आर्टेमिया उबवा. टाकीतलंच लिटरभर पाणी बाटलीत घ्या, चिमूटभर अंडी घाला, खालून हवेची नळी सोडा, दिवा जवळ ठेवून उबदार ठेवा. दिवस-दीड दिवसात केशरी पिल्लं वळवळायला लागतात. टरफलं वर येतात, ती टाकीत जाऊ देऊ नका. हलणारं खाणं दिसलं की अन्न सोडलेला मासाही मान वळवतो. डोमिनो डब्यात गेल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा पहिला घास घेईल असा माझा अंदाज आहे. त्या दिवशी तुम्ही निर्धास्त झोपा.

पाण्याचं थोडक्यात. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान २५-२६ अंश, क्षारता रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे पाण्याचा खारटपणा मोजायच्या यंत्रावर, १.०२५ च्या आसपास. आज तपासून उद्या वीस लिटर पाणी बदला. त्यासाठीचं पाणी आजच पिंपात कालवून पंप लावून ठेवा, लिटरला साधारण ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट पडतं, पाकिटावरचं प्रमाण बघा. नळाला राकसकोपचं पाणी येत असो की हिडकलचं, ते क्लोरिनचं असतं, सरळ वापरू नका. स्वयंपाकघरातल्या आरओचंही पाणी एकदा टीडीएस मीटरनं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरनं, बघा. पिण्याच्या मशीनमध्ये चवीसाठी थोडं कच्चं पाणी मिसळायची सोय असते, आणि त्यानं मीटर शंभरावर जातो. आपल्याला शून्याच्या जवळचं हवं. टाकीतलं पाणी उडून कमी झालं की मात्र साधं आरओचंच घालायचं, खारं नाही. पाणी उडतं, मीठ मागं राहतं.

वीज जाण्याचीही सोय असू द्या. बॅटरीवर चालणारा छोटा हवेचा पंप घेऊन ठेवा. धडधाकट मासा तीन-चार तास निभावतो, जखमी मासा ते निभावेलच असं नाही. आणि आपलं बेळगाव साडेसातशे मीटर उंचावर आहे, दिवाळीनंतर रात्री गारठा वाढतो. हीटर चालतो का ते आत्ताच बघून घ्या.

क्लाउनच्या जोडीला हात लावू नका, ताई. त्यांच्यात काही बिघडलेलं नाही. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच जन्माला येतात, जोडीतला जो थोराड तो मादी होतो, आणि मादी गेली तर उरलेला नर मादी होतो. घरात कोण मोठं हे मादी टोचून टोचून सांगत असते. धाकटा तिच्यासमोर अंग थरथरवतो का ते बघा. ती थरथर म्हणजे त्याचं मान खाली घालणं. तो थरथरला की ती सोडून देते, आणि रात्री दोघं एकाच कोपऱ्यात झोपतात. धाकट्याचे पर फाटले किंवा तो दिवसभर वरच्या कोपऱ्यात पाण्याच्या रेषेला चिकटून राहिला, तर मात्र मला लिहा. एक नक्की पाळा: या जोडीत तिसरा क्लाउन कधीही सोडू नका. कितीही गोंडस दिसला तरी. दोघं मिळून त्याला जिवंत ठेवणार नाहीत.

पत्र वाचताना मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच एका ओळीची, ठिपके फिके पडत चाललेत या. डोमिनोचे ठिपके वयाबरोबर पुसट होतात. म्हणजे तुमचा मासा आता मोठा झालाय. तो पाच इंचांच्या पुढं वाढतो, आणि जसा वाढतो तसा जास्त रागीट होतो. आठ-दहा दिवस डब्यात ठेवून, दगडांची मांडणी बदलून त्याला परत सोडलं तर काही डॅमसेल निवळतात. आपलं ठरलेलं बीळच राहिलं नाही की त्यांनाही नव्यानं सुरुवात करावी लागते. लहान निळ्या डॅमसेलवर हा उपाय मी यशस्वी झालेला पाहिलाय. पण तीन फुटी टाकीत, शेजारी फायरफिशसारखा भिडस्त मासा असताना, मोठ्या डोमिनोवर माझा भरवसा नाही. त्याला जागा बदलायला हवी. दुकानात परत घेतात का विचारा, किंवा पाच-सहा फुटी टाकी असलेल्या कुणाला द्या, जिथं त्याच्या ताकदीचे मासे आहेत.

गोव्याला नेऊन सोडणं मात्र नको. साहेबांचा हेतू चांगला आहे, घाट उतरला की समुद्र आहेच. पण हा मासा कुठल्या समुद्रातून आला ते आपल्याला ठाऊक नाही, तीन वर्षं तो कुठकुठून आलेल्या माशांबरोबर आणि त्यांच्या रोगांबरोबर राहिलाय. ते रोग तिथल्या माशांना द्यायचा आपल्याला काही अधिकार नाही. आपल्या हिंदी आणि प्रशांत महासागरांतला लायनफिश अमेरिकेच्या किनाऱ्यावर आणि कॅरिबियनमध्ये कसा माजला ते या छंदातल्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. घरच्या टाकीतून सुटलेले मासे हेच त्याच्यामागचं कारण मानतात.

आणि दुकानदारांना एक सांगणं आहे, हे सदर तेही वाचतात. नव्या टाकीत चिवट मासा म्हणून डोमिनो सोडायला देणं थांबवा. नव्या टाकीत जिवाणू बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि त्या काळात पाण्यात अमोनिया असते. डोमिनो ती सोसतो हे खरं, पण का सोसायला लावायची? मासा न सोडताही, थोडं खाणं कुजवून किंवा बाटलीतली अमोनिया मोजून घालून टाकी तयार होते. वर तो मासा पहिला आल्यामुळं टाकीचा मालक होतो, आणि तीन वर्षांनी वडगावच्या एखाद्या आईला असं पत्र लिहावं लागतं.

डोमिनो गेल्यावर टाकीत दोन-तीन ठिकाणी दगडांच्या कपारी वाढवा, प्रत्येक माशाला दोन तोंडांची तरी एक जागा हवी, एकाकडून शिरून दुसऱ्याकडून निघता येईल अशी. त्यासाठी बनवलेले सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे दगड घ्या. खरं प्रवाळ किंवा त्याचे खडक कुणी देऊ केले तर घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली आपल्या देशात प्रवाळांना संरक्षण आहे. पुढचा मासा आणायची घाई निदान दोन महिने नको. आणायचा झालाच तर आधी तो वेगळ्या टबमध्ये तीन-चार आठवडे ठेवा, मग भोकांच्या डब्यातून चार-पाच दिवस मोठ्या टाकीतल्यांना दाखवा, आणि दिवे मालवल्यावर सोडा.

मुलाला आज रात्रीच फोन करा. त्याच्या माशाला तुमच्यामुळं काही झालेलं नाही. तो गाडीतून थेट आणून त्याच दिवशी टाकीत सोडला गेला, आणि टाकी आधीच दुसऱ्याची होती. हे त्याला कळायला हवं, पुढच्या वेळी तो पिशवी घेऊन येण्याआधी तुम्हाला विचारेल. शिवाय रिफ्रॅक्टोमीटर कुठं ठेवलाय आणि टेस्ट किटची मुदत संपली का, हे त्यालाच माहीत असणार.

बाटली कापायच्या आधी पिंपात पाणी कालवायला ठेवा, त्याला अख्खी रात्र लागते. आणि दहा दिवसांनी शेपटीचे फोटो पाठवा, पहिल्या दिवसाचा आणि दहाव्या दिवसाचा, दोन्ही.